बुळकांडी गेली, मग लाळ-खुरकूत का जात नाही?

दर सहा महिन्यांनी गावात लसीकरणाची फेरी येते. पशुधन पर्यवेक्षक बर्फाचा डबा घेऊन दावणीपाशी उभे राहतात. मालक वेसण आवळून धरतो, मानेत सुई जाते, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर मोबाइलमध्ये नोंदवला जातो आणि मंडळी पुढच्या गोठ्याकडे वळतात. या घाईत एक प्रश्न हमखास विचारला जातो, "साहेब, इतकी वर्षं टोचताय, तरी लाळ-खुरकूत जात का नाही? आणि ती जायचीच नसेल तर टोचता कशाला?" घरात एखादे आजोबा असले तर ते आणखी एक शंका काढतात, "आमच्या लहानपणी बुळकांडी यायची. दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या. ती कुठं गेली?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर नीट समजलं की पहिल्याचं सापडतं. म्हणून आधी बुळकांडीकडे वळू.

१. बुळकांडी काय होती?

बुळकांडी हा गाई, बैल आणि म्हशींचा विषाणूजन्य रोग. इंग्रजीत त्याला रिंडरपेस्ट म्हणत. त्याचा विषाणू माणसांत गोवर आणणाऱ्या विषाणूच्या कुळातला. जनावराला आधी सणकून ताप यायचा. मग डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहायचं, हिरड्यांवर आणि जिभेखाली व्रण पडायचे, रवंथ बंद व्हायचं. त्यानंतर घाण वासाची पातळ हगवण सुरू व्हायची आणि अंगातलं पाणी संपून जनावर सहा ते बारा दिवसांत आडवं व्हायचं. जिथं हा रोग पूर्वी कधी आलेलाच नव्हता तिथं शंभरातली ऐंशी-नव्वद जनावरं दगावत.

बैल मेला की नांगर थांबतो, हे वेगळं सांगायला नको. १८८० च्या दशकाच्या अखेरीस हा रोग लाल समुद्राकाठच्या मसावा बंदरातून आफ्रिकेत शिरला. इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर तो आला आणि ती गुरं भारतातली असावीत, असं इतिहासकार मानतात. दहा वर्षांच्या आत तो खंडाच्या दक्षिण टोकाला पोचला. इथिओपियात बैलच उरले नाहीत, शेतं पडीक राहिली आणि जो दुष्काळ पडला त्यात माणसंही मोठ्या संख्येनं गेली.

भारतात बुळकांडी ठाण मांडून होती. १८७१ साली ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या 'कॅटल प्लेग कमिशन'चा अहवाल आला. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उभी राहिली. सांसर्गिक रोगांवरचं काम भरवस्तीपासून दूर असावं म्हणून चार वर्षांनी ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. या संस्थेचं नाव आपल्याला पुढं पुन्हा लागणार आहे.

२. गोठा माझा, मग सरकार मध्ये का?

बैलाचा पाय मोडला तर तो मालकाचा प्रश्न. डॉक्टर बोलवायचा की नाही, किती खर्च करायचा, हे त्यानं ठरवावं. पण बुळकांडी किंवा लाळ-खुरकूत झालेलं जनावर पाणवठ्यावर गेलं की तो प्रश्न गावाचा होतो, आणि बाजारात गेलं की तालुक्याचा. एका मालकानं केलेल्या कसुरीची किंमत दुसरेच मोजतात. सरकारनं मध्ये पडण्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण व्यवहारातलं आहे. समजा, एखाद्याच्या गाईची किंमत ७०,००० रुपये आहे. सकाळी तिच्या तोंडातून लाळ गळताना दिसली. उद्या आठवड्याचा बाजार. त्याच्यापुढं दोन वाटा आहेत. पहिली, गप्प राहून उद्या गाय विकायची. घाईत विकल्यामुळं समजा ५०,००० आले. दुसरी, दवाखान्यात कळवायचं. मग गाय विकता येणार नाही, डेअरी दूध घ्यायला नकार देईल, बाजार बंद झाला तर शेजारीपाजारी शिव्या घालतील आणि हाती पडेल शून्य. आता त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. माणूस कितीही सज्जन असला तरी ५०,००० आणि शून्य यांतून शून्य निवडणं अवघड असतं.

म्हणून नुसत्या कायद्यानं काम होत नाही. कळवणाऱ्याला भरपाई मिळावी लागते, आणि ती बेतानं ठरवावी लागते. बाजारभावाहून जास्त दिली तर लोक मुद्दाम रोग ओढवून घेतील. फार कमी दिली तर कुणी कळवणार नाही. मालकाला वाटलं पाहिजे की कळवल्यानं आपण बुडणार नाही आणि लपवल्यानं फारसं काही कमावणारही नाही.

ही समज तीनशे वर्षं जुनी आहे. १७११ नंतर इटलीत बुळकांडीची साथ पसरली तेव्हा पोपचे वैद्य जोव्हान्नी मारिया लान्चीसी यांनी रोगी जनावरं ताबडतोब मारावीत आणि गुरांची ये-जा कडक नियमांनी रोखावी असा सल्ला दिला. १७१४ मध्ये लंडनच्या आसपास साथ आली तेव्हा राजाचे शल्यवैद्य टॉमस बेट्स यांनी त्यात भरपाईची भर घातली. तिथली साथ काही महिन्यांत आटोक्यात आली. पुढं १८६५ मध्ये ब्रिटनमध्ये पुन्हा बुळकांडी आली तेव्हा हा धडा विसरला गेला होता. वर्षभर गुरं मरत राहिल्यावर १८६६ मध्ये कायदा करून तोच उपाय पुन्हा लागू करावा लागला.

भारतात आज यासाठी २००९ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात रोगांची यादी दिलेली आहे. यादीतल्या रोगाची शंका आली तरी कळवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. रोगी जनावर बाजारात नेण्याला मनाई आहे आणि एखादा भाग 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर करून तिथली गुरांची वाहतूक थांबवण्याचा अधिकार सरकारला आहे.

३. सरकारच्या हातातली चार हत्यारं

पहिलं हत्यार खबर. रोग कुठं आहे हे कळल्याशिवाय बाकीच्या तिन्हींचा उपयोग नाही.

दुसरं अटकाव. गुरांचे बाजार, जत्रा, शर्यती बंद करणं, तपासणी नाके लावणं, रोगी जनावर वेगळं बांधणं. रोग पायांनी चालतो, आणि ते पाय बहुधा जनावराचे किंवा व्यापाऱ्याच्या ट्रकचे असतात. सीमा नसलेल्या व्यापारात काय होतं याचं ठळक उदाहरण १९२० चं आहे. भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि बुळकांडी युरोपात पुन्हा उतरली. त्या धक्क्यातूनच १९२४ मध्ये पॅरिसला २८ देशांनी मिळून जागतिक पशुरोग कार्यालय स्थापन केलं. कुठल्या देशात कोणता रोग आहे याची माहिती एकमेकांना देणं, हे त्याचं मूळ काम.

तिसरं हत्यार कत्तल. रोग आढळला की त्या ठिकाणची सगळी जनावरं मारून, पुरून किंवा जाळून विषाणूला आसराच ठेवायचा नाही. महाराष्ट्रानं हे फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पाहिलं. भोपाळच्या प्रयोगशाळेत देशातला पहिला बर्ड फ्लू पक्का झाला आणि परिसरातल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या.

पण खबर उशिरा मिळाली तर कत्तल किती महाग पडते, हे ब्रिटननं २००१ मध्ये अनुभवलं. लाळ-खुरकुतीची लागण आधी उत्तर इंग्लंडमधल्या एका वराहपालन केंद्रावर झाली आणि तिथून ती कळवली गेली नाही. दरम्यान रोग मेंढ्यांत गेला, मेंढ्या बाजारांतून देशभर विकल्या गेल्या. २० फेब्रुवारीला इसेक्समधल्या एका कत्तलखान्यात रोगाचं निदान झालं तोवर तो देशात सगळीकडे पसरला होता. शेवटी दोन हजारांहून जास्त ठिकाणी रोग निघाला, साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली आणि त्या वर्षीची सार्वत्रिक निवडणूकसुद्धा महिनाभर पुढं ढकलावी लागली. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांच्या मौनाची ही किंमत.

भारतात गाई-बैलांच्या बाबतीत हे हत्यार वापरता येत नाही. भावना आणि कायदे आड येतात. शिवाय एक-दोन जनावरांवर घर चालवणाऱ्या माणसाची दावण मोकळी करणं परवडणारं नाही. म्हणून आपल्याकडे सगळा भार चौथ्या हत्यारावर, म्हणजे लशीवर येतो. बुळकांडी भारतानं कत्तलीच्या मोहिमेशिवाय संपवली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

४. लशीचं गणित

लस प्रत्येक जनावराला द्यावी लागते का? नाही. डोंगराला वणवा लागू नये म्हणून वनखातं सगळं गवत कापत नाही. मध्ये जाळरेषा काढतं. आग तिथवर येते आणि पुढं जळायला काही नसल्यामुळं विझते. कळपात रोगप्रतिकारक जनावरं पुरेशी असली की विषाणूचं तेच होतं. प्रश्न एवढाच की पुरेशी म्हणजे किती?

समजा, एक रोगी जनावर सरासरी पाच जनावरांना रोग देतं. त्या पाचांतल्या चौघांना प्रतिकारशक्ती असेल तर रोग एकालाच होईल. ते जनावर पुढं एकालाच देईल. म्हणजे रोग वाढणार नाही. चारापेक्षा थोडी जास्त संरक्षित असली तर साथ हळूहळू विझेल. पाचातली चार म्हणजे ८० टक्के. एवढं ओलांडायचं.

आता गावात १०० जनावरं आहेत आणि कागदावर ८० जणांना लस टोचली. काम झालं? नाही झालं. लस शंभरातल्या नव्वदांनाच लागू पडते असं धरू. कुठं बर्फ वितळलेला असतो, कुठं जनावर आधीच अशक्त असतं. ८० चे नव्वद टक्के म्हणजे ७२. उरली २८ उघडी. पाचाला ०.२८ नं गुणलं की १.४ येतात. एक रोगी जनावर एकाहून जास्त जणांना रोग देतंय, म्हणजे साथ चालूच. हेच ९० जनावरांना टोचलं तर ८१ संरक्षित होतात, १९ उघडी राहतात आणि उत्तर येतं ०.९५. आता साथ विझेल.

अजून एक पायरी आहे. वर्षभरात गावातली २० जनावरं विकली गेली किंवा मेली आणि तेवढीच नवी वासरं आली. संरक्षित ८१ मधली साधारण १६ गेली, उरली ६५. गेल्या वर्षी रोग थांबवणारं गाव या वर्षी पुन्हा त्याला वाट करून देतं. म्हणून लसीकरणाचा खरा हिशेब मोठ्या बैलांवर होत नाही, वासरांवर होतो. त्यांना वेळेवर टोचलं की नाही, यावर पुढचं वर्ष ठरतं.

५. चाळीस वर्षांची मोहीम

बुळकांडीची पहिली स्वस्त लस मुक्तेश्वरला तयार झाली. १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी गुरांचा विषाणू एका बकऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा शेकडो वेळा फिरवला. बकऱ्यांत मुरता मुरता तो गुरांसाठी सौम्य झाला. ही 'गोट टिश्यू' लस देशी गुरांना चांगली लागू पडायची, पण संकरित आणि डोंगराळ भागातल्या नाजूक जनावरांना ती जड जायची. पुढं १९६० च्या सुमारास केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी पेशींच्या संवर्धनात वाढवलेली लस काढली. ती कुठल्याही जातीच्या जनावराला चालायची, स्वस्त होती आणि एकदा दिली की जवळजवळ आयुष्यभर पुरायची. या कामासाठी प्लोराइट यांना १९९९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

भारत सरकारनं राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम १९५४ मध्ये सुरू केला. त्या काळात देशात वर्षाला आठ हजारांच्या आसपास उद्रेक होत आणि सुमारे दोन लाख जनावरं मरत. बेत साधा होता: पाच वर्षांत ८० टक्के गुरांना लस. खेड्यापाड्यांत पायी आणि सायकलनं फिरून टोचणाऱ्यांनी तो बराचसा पार पाडला. दहा वर्षांत उद्रेक काही शेकड्यांवर आले.

आणि तिथंच गाडं अडलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं लस चालूच होती, रोगही चालूच होता. का? कारण मोजलं जात होतं ते किती मात्रा टोचल्या हे. किती जनावरं खरोखर संरक्षित झाली हे कुणी मोजत नव्हतं, आणि वर पाहिलेला ८० आणि ७२ मधला फरक तिथंच लपलेला होता. शिवाय सगळीकडे सारखीच लस वाटली जात होती. उत्तरेतल्या ज्या जिल्ह्यांत रोगच उरला नव्हता तिथंही, आणि दक्षिणेतल्या ज्या पट्ट्यात तो मुरून बसला होता तिथंही.

त्यात शेळ्यामेंढ्यांकडे दुर्लक्ष झालं होतं. त्यांना बुळकांडीची लागण व्हायची, पण लक्षणं सौम्य असायची. श्रीलंका १९४६ पासून बुळकांडीमुक्त होती. १९८७ मध्ये भारतीय शांतिसेना तिथं गेली तेव्हा सैनिकांच्या जेवणासाठी दक्षिण भारतातून बकऱ्या नेण्यात आल्या. रोग त्यांच्याबरोबर गेला आणि चाळीस वर्षांनी श्रीलंकेतली गुरं पुन्हा मरू लागली.

६. टोचणं थांबवण्याचं धाडस

१९९२ मध्ये युरोपीय समुदायाच्या मदतीनं नवा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि विचाराची दिशा बदलली. देशाचे भाग पाडले गेले. जिथं रोग नाही तिथं लस कमी करत आणायची, जिथं तो मुरला आहे त्या दक्षिणेकडच्या राज्यांत सगळी ताकद लावायची. लस कारखान्यापासून दावणीपर्यंत थंड राहते की नाही यावर कटाक्ष ठेवायचा. टोचून झाल्यावर काही जनावरांचं रक्त काढून प्रतिकारशक्ती आली का ते तपासायचं. कागदावरच्या आकड्यांऐवजी रक्तातल्या प्रतिपिंडांवर विश्वास ठेवायचा.

देशातला शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये तमिळनाडूत नोंदवला गेला. यानंतर लस पूर्णपणे थांबवण्यात आली.

हे ऐकून अनेकांना धडकी भरते. रोग नुकताच गेलाय, तर आणखी चार वर्षं टोचत राहिलं तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. लस घेतलेल्या जनावराच्या रक्तात प्रतिपिंडं असतात आणि बुळकांडीतून वाचलेल्या जनावराच्या रक्तातही तशीच असतात. त्या लशीत दोन्ही वेगळी ओळखता येत नव्हती. त्यामुळं टोचणं चालू आहे तोवर विषाणू खरंच गेलाय की लशीखाली दडून बसलाय, हे सांगताच येत नाही. लस थांबवल्यावर जन्मलेल्या वासरांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली नाहीत, तरच तो गेला असं म्हणता येतं.

मग सुरू झाली शोधाशोध. गावोगाव जाऊन विचारायचं: तोंडात व्रण आणि हगवण असलेलं जनावर दिसलं का? गुरांच्या बाजारात, दवाखान्याच्या रोजच्या नोंदवहीत, गुराख्यांच्या तांड्यांत पाहायचं. संशयित सापडलं की नमुना प्रयोगशाळेत. ज्या रोगासाठी यंत्रणा उभी आहे तो दिसतच नसताना वर्षानुवर्षं त्याला शोधत राहणं, हे या मोहिमेतलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम होतं. भारतानं १९९८ मध्ये स्वतःला तात्पुरतं रोगमुक्त जाहीर केलं. पॅरिसच्या त्याच जागतिक पशुरोग संघटनेनं २००४ मध्ये भारत बुळकांडी रोगातून मुक्त झाल्याचं मान्य केलं आणि २००६ मध्ये संसर्गातूनही मुक्त झाल्याचं.

जगातला शेवटचा ज्ञात रुग्ण २००१ मध्ये केनियाच्या मेरू राष्ट्रीय उद्यानात, रानम्हशीत सापडला. जून २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं बुळकांडी पृथ्वीवरून संपल्याचं जाहीर केलं. माणसानं पूर्णपणे निपटलेले रोग आजवर दोनच: माणसांतली देवी आणि गुरांतली बुळकांडी. प्रयोगशाळांत उरलेले नमुनेही आता नष्ट केले जात आहेत. ब्रिटनमधल्या पिरब्राइट संस्थेनं आपला मोठा साठा २०१९ मध्ये जाळून टाकला.

७. लाळ-खुरकूत का चिवट आहे?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. बुळकांडीबद्दल चार गोष्टी माणसाच्या बाजूनं होत्या. लाळ-खुरकुतीत त्या चारही उलट आहेत.

बुळकांडीचा विषाणू एकाच प्रकारचा होता, एक लस सगळीकडे चालायची. लाळ-खुरकुतीचे सात प्रकार आहेत. एकाची लस दुसऱ्याला लागू पडत नाही. भारतात ओ, ए आणि एशिया-१ हे तीन आढळतात, म्हणून आपल्या लशीत तिन्ही असतात.

बुळकांडीची लस जन्मभर पुरायची. लाळ-खुरकुतीची चार ते सहा महिनेच टिकते. दर सहा महिन्यांची फेरी यासाठी आहे. मधली एक फेरी चुकली की जनावर जवळपास उघडं पडतं.

बुळकांडीतून वाचलेलं जनावर विषाणू बाळगत नसे. लाळ-खुरकुतीत जनावर बरं झाल्यावरही विषाणू त्याच्या घशात महिनोन्महिने राहू शकतो.

बुळकांडीचा विषाणू उन्हात आणि उघड्यावर लवकर मरायचा, तो पसरायला जनावराला जनावर लागावं लागायचं. लाळ-खुरकुतीचा विषाणू गाडीच्या चाकाला, चपलेला, चाऱ्याला चिकटून जातो. दमट हवेत तो वाऱ्यावरही लांब जातो. १९८१ मध्ये तो फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरून समुद्रापार वाइट बेटावर पोचला होता.

याखेरीज पाचवी अडचण आहे, आणि ती विषाणूतली नाही. बुळकांडीत जनावरं पटापट मरायची, त्यामुळं गाव घाबरून बोभाटा करायचं. लाळ-खुरकुतीत मोठं जनावर सहसा मरत नाही. तोंड तुरटीच्या पाण्यानं धुतलं, खुरांची जखम साफ केली, आठ-दहा दिवस मऊ चारा दिला की ते उभं राहतं. म्हणून मालक कळवत नाही. नुकसान मात्र मागाहून येत राहतं. दूध आटतं ते पुरतं परतत नाही, गाभण जनावर गाभटतं, बैल उन्हात धापा टाकू लागतो, दूध पिणारी वासरं हृदयावर परिणाम होऊन अचानक मरतात. मालक हा तोटा नशिबाच्या खात्यात टाकतो आणि सरकारी नोंदवहीत त्या गावापुढं शून्य राहतं.

त्यातच आपल्याकडची गुरांची वाहतूक. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून आणि नगरकडून ऊसतोडीच्या बैलगाड्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात. एकाच तळावर अनेक तालुक्यांचे बैल एकत्र बांधले जातात. ते बैल निघण्याआधी टोचले गेले असतील तर तो तळ सुरक्षित. नसतील तर हंगाम संपताना रोग पुन्हा घरोघर वाटला जातो.

सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत सुरू झालेला राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम या अडचणी समोर ठेवूनच आखलेला आहे. लाळ-खुरकुतीसाठी गाई-म्हशींबरोबर शेळ्या, मेंढ्या आणि डुकरांचंही लसीकरण त्यात धरलं आहे. सांसर्गिक गर्भपाताच्या रोगासाठी चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदा लस आहे. २०३० पर्यंत लाळ-खुरकूत हटवण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. कानातला बिल्ला त्यासाठीच असतो: कुठल्या जनावराला कधी टोचलं आणि ते आता कुठं आहे, हे कळावं म्हणून. एक सोय या वेळी चांगली आहे. आजच्या शुद्ध केलेल्या लशीमुळं आलेली प्रतिपिंडं आणि रोगामुळं आलेली प्रतिपिंडं तपासणीत वेगळी ओळखता येतात. म्हणजे टोचणं चालू ठेवूनही विषाणू कुठं फिरतोय हे पाहता येतं.

मग "टोचता कशाला?" याचं उत्तर काय? साथ दबून राहते आणि दूध वाचतं, एवढं तरी लशीनं साधतं. रोग संपण्यासाठी त्या लशीला प्रत्येक उद्रेकाच्या खऱ्या बातमीची जोड लागते, आणि ती अजून अपुरी आहे.

८. लम्पीनं काय दाखवलं?

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी चर्मरोग महाराष्ट्रात पसरला. अंगभर गाठी, पायांवर सूज, ताप. हा रोग माश्या, डास, गोचिडांमार्फतही पसरतो, त्यामुळं नुसतं जनावर वेगळं बांधून भागत नाही. गोठा स्वच्छ ठेवावा लागतो, फवारावा लागतो. राज्य सरकारनं गुरांचे बाजार आणि वाहतूक थांबवली आणि शेळ्यांच्या देवीची लस गुरांना देण्याची मोठी मोहीम घेतली, कारण दोन्ही विषाणू जवळच्या नात्यातले आहेत. दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३०,०००, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये मदत जाहीर झाली.

दुसऱ्या भागातलं ७०,००० च्या गाईचं उदाहरण इथं ताडून बघा. ३०,००० म्हणजे गाईची पूर्ण किंमत नव्हे. पण मदत हवी तर पंचनामा लागतो, पंचनाम्यासाठी दवाखान्यात कळवावं लागतं, आणि अशा रीतीनं मेलेल्या जनावराची नोंद तरी होते. आजारी जनावराच्या मालकानं पहिल्या दिवशीच कळवावं, यासाठी मात्र अजून वेगळं काही लागेल: दूध बंद झाल्याच्या दिवसांची थोडी भरपाई, फोन केल्यावर त्याच दिवशी येणारा डॉक्टर आणि रोग कळवणाऱ्यालाच दोषी धरणार नाही असं गाव.

९. पुढचा नंबर कुणाचा?

जगाच्या यादीत पुढचा रोग आहे शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर. त्याचा विषाणू बुळकांडीच्याच कुळातला. एका लशीनं भागतं, लस काही वर्षं टिकते आणि बरं झालेलं जनावर रोग पसरवत राहत नाही. म्हणजे बुळकांडीच्या चार सोयींपैकी बहुतेक इथंही आहेत. मुक्तेश्वरलाच तयार झालेली लस भारतात वापरली जाते, आणि तो २०३० पर्यंत संपवण्याचा जगाचा संकल्प आहे.

अडचण चौथ्या भागातल्या गणितात आहे. गाईंच्या कळपात आपण वर्षाला २० टक्के बदल धरला होता. शेळ्यांत तो कितीतरी जास्त असतो. बोकड सणाला विकले जातात, शेळी वर्षा-दीड वर्षात विते, बहुधा जुळी. आज ९० टक्के संरक्षित असलेला कळप वर्षभरात निम्म्यावर येऊ शकतो. त्यात धनगरांचे कळप दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर देशावर परततात, म्हणजे टोचणाऱ्यानंही त्यांच्या वाटेवरच गाठ घ्यायला हवी. ठरलेल्या तारखेला गावात जाऊन तो कळप सापडणार नाही.

म्हणून पीपीआरची मोहीम किती पुढं गेली हे टोचलेल्या मात्रांच्या आकड्यांवरून ओळखू नये. मेंढपाळ करडं मेल्याची खबर त्याच दिवशी देऊ लागला का, ते बघावं. आणि ज्या वर्षी सरकार एखाद्या पट्ट्यातली लस मुद्दाम थांबवून फक्त रोगाचा शोध चालू ठेवेल, त्या वर्षी तिथला पीपीआर अखेरच्या टप्प्यात आला असं समजावं.